मॉरीनचं विद्यापीठ आणि माझी जर्मन

“जर्मन? अगं, जर्मन माझ्या रक्तात आहे!”

हे वाक्य मी आमच्या स्वयंपाकघरात, तोंडात अंड्याचा घास असताना, छाती पुढे काढून म्हणालो. त्याच क्षणी कुणीतरी माझ्या तोंडावर उशी दाबायला हवी होती. पण घरात दुसरं होतं कोण? लेक लग्न होऊन ओमाहाला गेलेली आणि कुत्रा बहिरा!

माझं नाव अल्बिन ब्रुंगार्ट. पश्चिम कॅन्ससमधल्या ओबरफेल्ड गावच्या गुरांच्या बाजारात मी लिलाव पुकारतो. वारं सुटलेलं असो, बैल उधळलेले असोत, माझा आवाज पार गव्हाच्या कोठारापर्यंत पोचतो. माझा माझ्या जिभेवर इतका विश्वास आहे, की डोक्याला मी सहसा त्रासच देत नाही.

मॉरीन माझी बायको. ती गावातल्या शाळेत बालवर्गात मदतनीस होती. पोरांची नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या, रडक्यांना मांडीवर घ्यायचं. फळ्यासमोर मात्र दुसरीच कुणीतरी उभी राहायची. एके दिवशी घरी आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “अल्बिन, मलाही फळ्यासमोर उभं राहायचंय.”

मी म्हटलं, “मग राहा की! अडवलंय कुणी?”

मला वाटलं होतं, बाई दोन दिवस बोलेल आणि विसरेल. पण तिनं शेजारच्या गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं. संध्याकाळी भांडी घासून झाली की ती पुस्तकं घेऊन जायची आणि मी टीव्हीसमोर एकटाच घोरायचो. गणितात पास झाली. भूगर्भशास्त्रात पास झाली. संगीताच्या इतिहासात तर वर्गात पहिली आली! आता पुढची दोन वर्षं राज्याच्या विद्यापीठात काढायची होती. ते पूर्वेला, आमच्या गावापासून गाडीनं चार तासांवर. सोमवार ते गुरुवार ती तिकडं आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी, असं ठरलं होतं. जागाही मिळाली होती. फक्त एका कॉलेजातून दुसरीकडं जाण्याच्या अटी तेवढ्या पूर्ण व्हायच्या होत्या.

अटी! अहो, आमच्या बाजारात एका राज्यातला बैल दुसऱ्या राज्यात न्यायचा तर डॉक्टर त्याच्या तोंडात हात घालतो, कानात बिल्ला ठोकतो आणि सोडतो. विद्यापीठवाले त्याहून कडक! तुम्ही शिकलेला एकेक विषय ते उजेडात धरून बघतात. हा चालेल, हा अर्धा चालेल, हा कसला विषय म्हणायचा?

त्या रविवारी सकाळी मॉरीननं कॉम्प्युटर उघडला आणि तिचा चेहरा उतरला.

“स्पॅनिश धरत नाहीयेत,” ती म्हणाली.

“का? तू तर चांगलं शिकलीस की!”

“मी ‘दवाखान्यापुरतं स्पॅनिश’ घेतलं होतं ना. म्हणतात, ही पूर्ण भाषा होत नाही.”

“वा रे वा! बोलून दाखव त्यांना.”

“काय बोलू? मला ‘कुठं दुखतंय?’ आणि ‘मोठा श्वास घ्या’ एवढंच येतं.”

“बालवर्गाच्या बाईंना आणखी काय लागतं?” मी म्हणालो. पण ती हसली नाही. भाषेची अट पुरी करायला एकच वाट उरली होती. जुलैत विद्यापीठात जाऊन कुठल्याही एका भाषेची तोंडी आणि लेखी परीक्षा द्यायची. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

“मग पुढच्या वर्षी जा,” मी सहज म्हणून गेलो.

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “पुढच्या वर्षी ही हिंमत माझ्यात उरेल असं वाटत नाही, अल्बिन.”

आता सांगा, बायको असं म्हणाल्यावर नवऱ्यानं काय करायचं? मी छाती पुढे काढली आणि ते रक्ताचं वाक्य बोललो.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. आमच्या गावातली सगळी घराणी मूळची जर्मन. ती आधी रशियात व्होल्गाकाठी जाऊन राहिली आणि तिथून इकडं गहू पेरायला आली. माझ्या आजोबांच्या घरात जर्मनच बोलत. मग महायुद्धाच्या काळात शाळेत जर्मन शब्द तोंडातून निघाला की हातावर पट्टी बसायला लागली. मोठ्यांनी पोरांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. त्यामुळं आमच्या पिढीच्या वाट्याला आलं ते ताटातलं उरलंसुरलं. ओरडा, प्रार्थना आणि पत्त्यांच्या डावातल्या शिव्या!

त्याच संध्याकाळी मी मॉरीनला समोर बसवून शिकवणी सुरू केली. “हं, लिहून घे. ‘दार लाव, गुरं आत येतील!’”

“हे परीक्षेत विचारतील?”

“पाया आहे हा पाया! पुढचं लिही. ‘ताटात टाकू नकोस.’ ‘कान उपटीन.’ ‘माझा एक्का कुणी ढापला?’”

“काही सभ्य?”

“आहे ना!” मी सावरून बसलो. माझे आजोबा रोज सकाळी कुंपणाशी जायचे, पलीकडच्या म्हाताऱ्याला बघून टोपी उचलायचे आणि एक लांबलचक वाक्य मोठ्यानं म्हणायचे. पलीकडूनही टोपी उचलली जायची आणि तेच वाक्य परत यायचं. लहानपणापासून ते मला तोंडपाठ. “याचा अर्थ, ‘आपली भेट झाली, फार आनंद वाटला.’ प्राध्यापकांना हेच म्हणायचं.”

अर्ध्या तासात माझ्या रक्तातली जर्मन संपली. मॉरीननं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं नुसतंच पाहिलं. मी म्हणालो, “काळजी करू नकोस. मोठी विहीर अजून आहेच की!”

मोठी विहीर म्हणजे माझी आमालिया आत्या. वय नव्वदच्या पुढे. ती गावातल्या वृद्धाश्रमात राहत होती. जुनी जर्मन घडाघडा बोलणारी आमच्या घराण्यातली ती शेवटची. अडचण एकच होती. तिचं आणि मॉरीनचं आमच्या लग्नापासून जमत नव्हतं. मॉरीन आयरिश घरातली. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा बीरॉक केले, म्हणजे आमच्याकडं कोबी आणि खिमा भरून भाजतात ते पाव, आणि त्यात तिनं चीज घातलं. चीज! आत्यानं पाव उघडून बघितला, मिटला आणि ताट सरकवलं. तेव्हापासून आत्या सरळ तिच्याशी बोलायचीच नाही. जे काही असेल ते माझ्यामार्फत.

मला मात्र वाटायचं, आत्याची आतून माया आहे. कारण मॉरीनला बघितलं की ती नेहमी जर्मनमध्ये दोन शब्द पुटपुटायची. “दुर्र हिंकेल.” किती गोड वाटतं ऐकायला! मी मॉरीनला सांगून ठेवलं होतं, ‘हिंकेल’ म्हणजे लाडकी. नुसतं सांगून थांबलो असतो तर बरं झालं असतं! लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला मी तिच्या गाडीसाठी खास नंबरपाटी बनवून घेतली. आकडे नाहीत, मोठ्या अक्षरांत फक्त ‘हिंकेल’! चर्चसमोर गाडी उभी राहिली की म्हाताऱ्या बायका पाटी बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मला वाटायचं, जळतात मेल्या.

पहिल्या दिवशी मॉरीन बालवर्गातलं चित्रांचं पुस्तक घेऊन आत्याकडं गेली. बरोबर मी होतोच. आत्या खिडकीशी बसली होती. तिथली नर्स हळूच म्हणाली, “हल्ली बोलतच नाहीत फारशा. विसरायला लागल्यात बहुतेक.”

मॉरीननं गाईच्या चित्रावर बोट ठेवलं. आत्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग छताकडं आणि शेवटी गाईचा जर्मन शब्द सांगितला. मॉरीननं तो म्हटला. आत्यानं नाक मुरडून दुरुस्त केला. घोडा झाला. डुक्कर झालं. पान उलटलं. कोंबडी.

“हिंकेल,” आत्या म्हणाली.

मॉरीनचं बोट कोंबडीच्या चित्रावरच थांबलं.

मॉरीननं हळूच विचारलं, “आणि दुर्र?”

आत्यानं फक्त आपली करंगळी वर करून दाखवली. वाळलेल्या काडीसारखी.

“म्हणजे,” मॉरीन माझ्याकडं वळली, “इतकी वर्षं मी गावभर ‘कोंबडी’ अशी पाटी लावून हिंडतेय? आणि तीही मरतुकडी?”

“मरतुकडी पाटीवर नाहीये,” मी म्हणालो.

मला वाटलं, संपलं. पुस्तक मिटेल, दार आपटेल, विद्यापीठ गेलं, रात्रीचं जेवणही गेलं. मॉरीनचा चेहरा तिच्या आयरिश तांबड्या केसांइतका लाल झाला. ती आत्याच्या डोळ्यांत बघत उठली आणि मी शिकवलेलं पहिलंच वाक्य अस्खलित जर्मनमध्ये कडाडली, “दार लाव, गुरं आत येतील!”

आत्याचा जबडा खाली आला. मग खांदे हलायला लागले. मग पोट. आत्या हसली, अहो, अशी हसली की तिची कवळी निसटून चित्रातल्या डुकरावर पडली! नर्स धावत आली. आत्यानं तिला हातानं हाकललं, कवळी बसवली आणि लग्नानंतर पहिल्यांदा मॉरीनशी सरळ बोलली, आपल्या गावरान इंग्रजीत.

“बस गं हितं. म्या शिकवते तुला. ह्या येड्याला बाहीर काढ.”

आणि मला खरंच बाहेर काढलं!

त्या दिवसापासून मॉरीन, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असल्यानं, घरचं आवरलं की थेट आत्याकडं. जून महिना गव्हाच्या कापणीचा. सगळं गाव धुळीनं माखलेलं आणि ह्या दोघी खिडकीत बसून नूडल्स लाटतायत, स्वेटर उसवतायत, तोंडानं अखंड जर्मन. मी गेलो की दोघी गप्प व्हायच्या, एकमेकींकडं बघायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. मला फक्त मध्येमध्ये ‘अल्बिन’ ऐकू यायचं. आपल्याच गावात, आपल्याच आत्यासमोर, आपल्याच रक्तातल्या भाषेत मी परका!

“काय बोलताय तुम्ही?”

“व्याकरण,” मॉरीन म्हणायची.

पण एक सांगतो. आत्या बदलली. जेवणाच्या वेळी ती ताटावर चमचा आपटून मीठ मागायला लागली. आंघोळीला नेणाऱ्या पोरीला तिचं नाव विचारायला लागली. नर्स म्हणाली, “आम्हाला वाटायचं, यांची आठवण गेली.” मॉरीन म्हणाली, “आठवण कुठं जातेय? तिच्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं, इतकंच.” मी बाजूला उभा होतो. दर रविवारी आत्याला भेटून इंग्रजीत ‘बरी आहेस ना?’ विचारणारा आणि लगेच घड्याळ बघणारा भाचा. मला एकदम टोपी फिरवत जमिनीकडं बघावंसं वाटलं.

जुलै आला. परीक्षेच्या दिवशी आत्या आमच्या आधी तयार! चर्चचा काळा झगा, गळ्यात क्रॉस.

“आत्या, चार तासांचा रस्ता आहे.”

“माझी पोरगी परीक्षेला चाललीय, आन् म्या हितं बसून सूप पिऊ? चाकांची खुर्ची घे गाडीत!”

माझी पोरगी! मॉरीननं ते ऐकलं आणि ती घाईघाईनं पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. तिथं शोधण्यासारखं काही नव्हतं.

विद्यापीठ म्हणजे नुसते जिने आणि पाट्या. शेवटी जर्मन विभागाचं दार सापडलं. परीक्षा घेणार होत्या डॉक्टर हेनरिके फोग्ट. थेट जर्मनीहून आलेल्या, उंच, सडपातळ, कपड्यांना एक सुरकुती नाही. आवाजालासुद्धा इस्त्री केलेली! लेखी पेपर आधी झाला. मॉरीन बाहेर आली ती पांढरीफटक.

“कशी लिहितात ही भाषा, ते मला कुठं माहितीय? जसं ऐकलं तसं लिहिलं!”

मग तोंडी परीक्षेसाठी ती आत गेली. दार पूर्ण लागलं नाही, बोटभर फट राहिली. मी आत्याची खुर्ची फटीला चिकटवली. कारण आतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि आत्याचे कान अजून सशासारखे होते.

“काय म्हणतेय ती?” मी कुजबुजलो.

“बाई म्हणतीय, ‘आपण कृपया आसनस्थ व्हावं.’”

“आणि आपली?”

“आपली म्हणतीय, ‘तू बी टेक की गं. उभ्या उभ्या काय बोलायचं?’”

“तू? प्राध्यापिकेला ‘तू’?”

“मंग काय म्हणणार?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्यानं उभ्या आयुष्यात कुणालाच ‘तुम्ही’ म्हटलेलं नव्हतं. तिच्या ओळखीत होतं कोण? नातेवाईक, शेजारी आणि गाई! मॉरीनला तिनं अख्खी भाषा दिली होती, पण आदरार्थी बहुवचन त्यात घालायलाच विसरली होती.

“आता काय?”

“बाई इचारतीय, ‘आपले यजमान काय करतात?’”

“मग?”

“आपली म्हणतीय, ‘दिसभर वरडतो. पण मनानं लोण्यावानी हाय.’”

मी रुमालानं डोळे पुसले. कॉरिडॉरमध्ये धूळ फार होती.

“आता इचारतीय, ‘आपल्याला शिक्षिका का व्हायचंय?’”

ह्यावर मॉरीन बराच वेळ बोलत राहिली. हळू, अडखळत, मग न अडखळता. मी आत्याकडं बघितलं. तिनं भाषांतर बंद केलं होतं. गालावरून पाणी वाहत होतं आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

“सांग ना, काय म्हणतेय?”

“गप्प ऱ्हा.”

इतक्यात आतून एक विचित्र आवाज आला. हुंदका की उचकी, कळेना. पाठोपाठ खुर्ची मागं सरकल्याचा आवाज. मग पुन्हा हुंदका! झालं, मला वाटलं, नापास केली आणि मॉरीन कोसळली! बायको आत रडतेय आणि नवरा बाहेर दारात? मी दार ढकललं आणि आत घुसलो.

रडत होत्या त्या फोग्टबाई! डोळ्यांना रुमाल लावून. आणि मॉरीन शेजारी उभी राहून बालवर्गातल्या पोराला थोपटावं तशी त्यांना थोपटत होती.

त्या वेळी मी शहाण्या माणसासारखा मागं फिरलो असतो, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण जीभ! मला वाटलं, हिच्या ‘तू’नंच बाईंचा अपमान झालाय. आता घराण्याची अब्रू माझ्या हातात. मी टोपी उचलली, कमरेत वाकलो आणि आजोबांचं ते कुंपणावरचं वाक्य, लिलावाच्या आवाजात, शेवटच्या अक्षरापर्यंत म्हणून टाकलं.

बाईंनी रुमाल खाली घेतला. माझ्याकडं पाहिलं. मग खिडकीकडं पाहिलं.

“माझं डुक्कर?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“अं?”

“तुम्ही म्हणालात, ‘तुझं डुक्कर पुन्हा माझ्या कोबीत शिरलंय, हरामखोरा!’”

मॉरीननं डोळे मिटून घेतले. दारातून आत्याचा आवाज आला, “सांगत हुते, येड्याला घरी ठिवा!”

म्हणजे बघा, आजोबा आणि पलीकडचा म्हातारा रोज सकाळी टोप्या उचलून एकमेकांना हे म्हणत होते! मी कशीबशी ती कुंपणाची हकिकत सांगितली. सांगता सांगता माझी टोपी दोनदा खाली पडली. आणि फोग्टबाई हसायला लागल्या. त्यांचे सरळ बांधलेले केस सुटले, आवाजाची इस्त्री मोडली. हसताहसताच त्यांनी सांगितलं. त्यांची आजी डोंगराकडच्या एका खेड्यातली. ती अगदी अशीच बोलायची. लहानपणी यांनाही तेच येत होतं. मग शहरातल्या शाळेत मुलं चिडवायला लागली आणि यांनी जिभेवरून ती बोली घासून घासून काढून टाकली.

“आजी गेल्यापासून ‘टेक की गं’ असं मला कुणी म्हटलं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

मग त्या बाहेर आल्या, आत्याच्या खुर्चीसमोर वाकल्या आणि शुद्ध जर्मनमध्ये काहीतरी नम्रपणे म्हणाल्या. आत्यानं मान वळवून मागं बघितलं. मागं भिंत होती.

“कुणाशी बोलतीय ही?” आत्यानं मॉरीनला विचारलं. “मला कशाला ‘आपण’ म्हणतीय? म्या काय बिशप हाय?”

बाई लाल झाल्या. मग, मॉरीननं मला मागाहून सांगितलं तसं, लहान मुलीसारखं चाचरत आत्याच्या बोलीत म्हणाल्या, “तू… तू बरी हायस का गं?”

“आत्ता कसं!” आत्या म्हणाली आणि तिनं बाईंचा हात जो धरला, तो आम्ही निघेपर्यंत सोडला नाही.

निकाल त्याच दिवशी कळला. बोलण्यात पूर्ण गुण. लिहिण्यात… जाऊ द्या. फोग्टबाई म्हणाल्या, “लेखीमध्ये मी हिला पास करू शकत नाही. नियम आहे. पण अर्धी अट पुरी झाली असं लिहून देते. जागा जाणार नाही. उरलेली अर्धी हिनं पहिल्या सत्रात माझ्या वर्गात बसून पुरी करायची. आणि ‘तुम्ही’ म्हणायला शिकायचं.”

“शिकेन की, तू शिकवशील तसं,” मॉरीन जर्मनमध्ये म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

ऑगस्टमध्ये सामान भरलं. निघायच्या आदल्या दिवशी मॉरीन आत्याचा निरोप घ्यायला गेली. आत्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून हळू आवाजात दोनच वाक्यं म्हटली. मॉरीन परत गाडीत बसेपर्यंत रडत होती.

“काय म्हणाली?”

“इंग्रजीत सांगता येत नाही,” ती म्हणाली. मीही पुन्हा विचारलं नाही. सोमवार ते गुरुवार आत्याकडं जायचं काम आता माझ्याकडं आलं होतं. शिकेन मीही हळूहळू. डुक्कर तर आलंच आहे!

विद्यापीठात दुसऱ्या दिवशी मोठा तंबू ठोकलेला. टेबलामागं एक तरतरीत मुलगी बसली होती. “दुसऱ्या कॉलेजातून आलेले विद्यार्थी इकडं!” मॉरीन पुढं झाली. मुलीनं तिच्या खांद्यावर ‘विद्यार्थी’ अशी चिठ्ठी चिकटवली. मग माझ्याकडं पाहिलं. टक्कल पाहिलं, पोट पाहिलं, दोन्ही हातांतल्या उशा पाहिल्या. आणि माझ्या छातीवर चिठ्ठी ठोकली ‘पालक’!

मी तोंड उघडलं. पण मॉरीन टेबलाला धरून इतकी हसत होती, इतक्या दिवसांनी इतकी मोकळी हसत होती, की मी तोंड मिटलं. राहू दे म्हटलं.

तिला तिच्या वर्गात नेलं आणि मला पालकांच्या सभेत. तिथं एक गृहस्थ समजावत होते, “मुलांना मोकळं सोडा. तासातासाला फोन करू नका. ती चुका करतील, करू द्या.” आजूबाजूच्या आया नाकं पुसत होत्या. काही प्रश्न आहेत का, असं विचारल्यावर माझा हात आपोआप वर गेला.

“साहेब, आपलं माणूस आपल्यापेक्षा हुशार निघालं तर काय करायचं?”

“अभिमान बाळगायचा,” ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं मला एक कागदी रुमाल दिला. मी घेतला. पालकच होतो ना!

मॉरीनला तीन पोरींबरोबर एका घरात खोली मिळाली होती. मी पलंग जोडला, एक पट्टी उलटी बसवली, पुन्हा काढून सुलटी बसवली, उशा ठेवल्या आणि मग तिथं माझ्यासाठी काही काम उरलं नाही. तिनं मला दारापर्यंत सोडलं. मी म्हटलं, “माझी काही काळजी करू नकोस. मी एकदम ठणठणीत आहे.” चार तास गाडी चालवत घरी आलो. कुत्रा दारात उभा होता. माझ्या मागं बघत होता, आणखी कुणी उतरतंय का म्हणून.

मी फोन लावला.

“पोचलास?” ती म्हणाली.

“पोचलो. तू जेवलीस का? नुसता पाला नाही ना खाल्लास? आणि त्या पोरी कशा आहेत? सिगरेटी ओढत नाहीत ना? झोपताना दाराला कडी घालत जा. पहिल्या दिवसापासून अभ्यासाला लाग, मागून धावपळ नको, आणि—”

“हो, बाबा!”

ती हसली. मी नाक ओढलं.

“अल्बिन? रडतोयस की काय?”

“छे! मी कशाला रडू? स्वयंपाक करतोय. कांदा चिरतोय, म्हणून आवाज तसा येतोय.”

“अस्सं?” मॉरीन म्हणाली. “आपल्या घरात कांदे कुठं ठेवलेले असतात रे?”

मी सगळी कपाटं उघडून बघितली, हो! फोन कानाला धरूनच.